बंगळुरूहून चंद्राकडे

चंद्र आपल्या लोकजीवनात फार पूर्वीपासून रुळलेला आहे. बालगीतांत तो मामा असतो, संकष्टी चतुर्थीला त्याच्या उदयाची वाट पाहिली जाते आणि कोजागरीच्या रात्री आटीव दुधात त्याचे बिंब पाहण्याची रीत आहे. विज्ञानाच्या दृष्टीने मात्र तो पृथ्वीपासून सरासरी ३,८४,००० किलोमीटर अंतरावर असलेला, वातावरणाचे कवच नसलेला, दिवसा तापणारा आणि रात्री गोठणारा एक खडकाळ उपग्रह आहे. या कोरड्या समजल्या जाणाऱ्या उपग्रहावर पाण्याचा अंश आहे, ही गोष्ट २००९ साली जगासमोर आली ती एका भारतीय यानामुळे. आणि त्याच्या दक्षिणेकडील दुर्गम प्रदेशात अलगद उतरणे २०२३ साली प्रथम साधले तेही एका भारतीय यानाला. या दोन यशांच्या मध्ये एक अपयश आहे. प्रस्तुत पाठात या तिन्ही मोहिमांची हकीकत आली आहे. तिचे मुख्य केंद्र आहे बंगळुरू.

पीण्याच्या शेडपासून बायलालूच्या दरीपर्यंत

बंगळुरू म्हटले, की आज संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती डोळ्यांसमोर येतात. तथापि या शहराचे अवकाशविज्ञानाशी असलेले नाते त्याहून जुने आहे. १९७० नंतरच्या दशकात शहराच्या पीण्या या औद्योगिक वसाहतीतील साध्या शेडमध्ये प्राध्यापक उडुपी रामचंद्र राव यांच्या मार्गदर्शनाखाली तरुण अभियंत्यांनी ‘आर्यभट’ हा भारताचा पहिला उपग्रह तयार केला. १९ एप्रिल १९७५ रोजी तो सोव्हिएत रशियाच्या अग्निबाणाने अवकाशात सोडण्यात आला. उपग्रह बांधण्याचा पूर्वानुभव त्यांपैकी जवळजवळ कोणालाच नव्हता. पुढे बंगळुरूतच उपग्रह केंद्र उभे राहिले. २०१८ पासून त्याला प्राध्यापक राव यांचे नाव आहे. चांद्रयाने याच केंद्रात आकाराला आली.

यान बांधणे हा कामाचा एक भाग झाला. ते अवकाशात गेल्यावर त्याला आज्ञा देणे आणि त्याने पाठविलेला क्षीण संदेश टिपणे हा दुसरा भाग होय. हे काम भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे, म्हणजे इस्रोचे, ‘इस्ट्रॅक’ हे पीण्यातील केंद्र करते. चंद्राइतक्या दूर अंतरावरून येणारा संदेश ऐकण्यासाठी मोठ्या तबकड्यांची आवश्यकता होती. म्हणून शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर बायलालू या गावी १८ मीटर आणि ३२ मीटर व्यासाच्या दोन तबकड्या २००८ साली उभारण्यात आल्या. ही जागा बशीसारख्या खोलगट दरीत आहे. भोवतालच्या टेकड्या शहरातील रेडिओ लहरींचा गलबला अडवितात. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी जागा निवडताना हाच विचार झाला होता. बायलालूच्या ३२ मीटरच्या तबकडीच्या घडणीत मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचाही वाटा आहे.

पहिले यान आणि पाण्याची खूण

चांद्रयान-१ हे २२ ऑक्टोबर २००८ रोजी सकाळी श्रीहरिकोटा येथून निघाले. प्रकल्पाचे संचालक मयिलस्वामी अण्णादुराई हे होते. यानावर एकूण ११ उपकरणे होती. त्यांपैकी पाच भारतीय आणि उरलेली युरोप, अमेरिका व बल्गेरिया येथील होती. आपल्या यानावर इतरांच्या उपकरणांना जागा देण्याचा हा निर्णय दूरदर्शीपणाचा ठरला. १२ नोव्हेंबरपर्यंत यान चंद्रापासून १०० किलोमीटर उंचीच्या कक्षेत स्थिरावले. दोन दिवसांनी, १४ नोव्हेंबरला, यानापासून ३५ किलो वजनाचा एक छोटा शोधक सुटा झाला आणि सुमारे २५ मिनिटांत चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आदळला. त्याच्या बाजूंवर तिरंगा रंगविलेला होता. तो आदळण्यासाठीच पाठविलेला होता. पडता पडता त्यातील भारतीय उपकरण चंद्रावरील अतिविरळ वायूंची नोंद घेत होते, आणि त्या नोंदींत पाण्याच्या वाफेची चाहूल होती.

चंद्रावर पाणी असल्याचे दुरून कसे ओळखायचे, असा प्रश्न येथे साहजिकच पडतो. सूर्याचा प्रकाश खडकावर पडला, की त्यातील काही भाग परत फिरतो आणि काही भाग खडकातील खनिजे शोषून घेतात. कोणते खनिज प्रकाशाची कोणती तरंगलांबी शोषते, हे ठरलेले असते. माणसाच्या बोटांचे ठसे जसे वेगळे, तसा प्रत्येक द्रव्याचा हा ठसा वेगळा असतो. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचा बंध जेथे असेल, तेथे सुमारे तीन मायक्रोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश शोषला जातो. यानावरील ‘मून मिनरॉलॉजी मॅपर’ या अमेरिकी उपकरणाला नेमकी हीच खूण दिसली.

या उपकरणाच्या प्रमुख, ब्राउन विद्यापीठाच्या कार्ल पीटर्स, आणि त्यांचे सहकारी यांनी ही नोंद लगेच जाहीर केली नाही. उपकरणात काही दोष असावा, अशी त्यांना प्रथम शंका आली. अशी शंका येण्यास कारणही होते. अपोलो मोहिमांतील अंतराळवीरांनी पृथ्वीवर आणलेल्या ३८२ किलो दगडमातीत पाण्याचा अंश आढळला होता. पण तो पृथ्वीवरच्या दमट हवेतून शिरला असावा असे मानून बाजूला ठेवण्यात आला होता. चंद्र कोरडा आहे, हे मत इतके पक्के झाले होते. म्हणून पीटर्स यांच्या गटाने दुसऱ्या दोन यानांची साक्ष काढली. शनीकडे जाताना १९९९ साली चंद्राजवळून गेलेल्या कॅसिनी यानाच्या जुन्या नोंदी तपासल्या गेल्या आणि धूमकेतूंच्या अभ्यासासाठी निघालेल्या डीप इम्पॅक्ट यानाने २००९ मध्ये चंद्राकडे पुन्हा पाहिले. तिन्ही साक्षी जुळल्या. २४ सप्टेंबर २००९ रोजी शोध जाहीर झाला.

हे पाणी म्हणजे तळी किंवा झरे नव्हेत. ते मातीच्या कणांना चिकटलेल्या रेणूंच्या स्वरूपात आहे, आणि टनभर मातीतून फार तर लिटरभर मिळेल असा त्या वेळचा अंदाज होता. सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांतील हायड्रोजनचा खडकांतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ते तयार होत असावे, असे स्पष्टीकरण देण्यात आले. जेथे ऊन कधीच पोहोचत नाही अशा ध्रुवांजवळच्या विवरांची गोष्ट निराळी आहे. तेथे प्रत्यक्ष बर्फ उघड्यावर असल्याचा पुरावा २०१८ साली प्रसिद्ध झाला, आणि तोही चांद्रयान-१ वरील याच उपकरणाच्या नोंदींतून मिळाला.

शोध जाहीर झाला तेव्हा चांद्रयान-१ मूक झाले होते. दोन वर्षांसाठी आखलेली मोहीम ३१२ दिवसांत संपली. चंद्राजवळची उष्णता अपेक्षेहून अधिक निघाली. तारे पाहून यानाची दिशा ठरविणारी संवेदके एप्रिल आणि मे २००९ मध्ये एकामागून एक निकामी झाली. दिशा कळेनाशी झाली तर कोणतेही यान आंधळे होते. बंगळुरूतील अभियंत्यांनी घूर्णदर्शक, तबकडीची दिशा आणि चंद्रावरच्या परिचित ठिकाणांची छायाचित्रे यांची सांगड घालून यानाला वाट दाखविली. १९ मे रोजी कक्षा २०० किलोमीटरवर नेण्यात आली. अशा रीतीने आणखी तीन महिने काम चालले आणि २९ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर संपर्क तुटला. विशेष म्हणजे अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने रडारच्या साहाय्याने हे मूक यान शोधून काढल्याचे २०१७ साली जाहीर केले. ते चंद्राभोवती फिरतच होते.

सप्टेंबर २०१९

चंद्राभोवती फिरणे आणि चंद्रावर उतरणे यांत मोठा फरक आहे. चंद्रावर हवा नसल्यामुळे हवाई छत्रीचा उपयोग नाही. यानाने स्वतःच्या इंजिनांचा झोत गतीच्या विरुद्ध दिशेने सोडून वेग कमी करीत जावे लागते. रेडिओ संदेशाला चंद्रापर्यंत पोहोचण्यास सव्वा सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो. म्हणजे बंगळुरूला धोका कळून उलट आज्ञा पोहोचेपर्यंत अडीच सेकंद निघून जातात. शिवाय तो धोका ओळखून निर्णय घेण्यास लागणारा वेळ वेगळाच. म्हणून उतरण्याचे सर्व निर्णय यानातील संगणकाने स्वतः घ्यावेत, अशी व्यवस्था करावी लागते.

२२ जुलै २०१९ रोजी निघालेल्या चांद्रयान-२ चे ‘विक्रम’ हे अवतरक यान ७ सप्टेंबरच्या पहाटे उतरू लागले. ३० किलोमीटर उंचीपासून ७.४ किलोमीटर उंचीपर्यंत सर्व ठीक चालले. सेकंदाला १,६८३ मीटर असलेला वेग १४६ मीटरवर आला. त्यानंतरच्या टप्प्यात मात्र वेग ठरविल्यापेक्षा अधिक घटला. पुढचा टप्पा ज्या स्थितीत सुरू व्हावयाचा होता, ती स्थितीच बिघडली. अखेर संपर्क तुटला आणि विक्रम नियोजित जागेपासून ५०० मीटरच्या आत जोराने आदळले. इस्ट्रॅकच्या नियंत्रण कक्षातील ती शांतता देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. संस्थेचे तत्कालीन अध्यक्ष के. सिवन यांना अश्रू आवरले नाहीत.

वर्तमानपत्रांत अनेक दिवस या अश्रूंची चर्चा झाली. खरे महत्त्वाचे काम त्यानंतर सुरू झाले, पण त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. चुकीचे कारण शोधणाऱ्या समितीने नोंदींचा एक एक सेकंद तपासला. पुढे संस्थेचे अध्यक्ष झालेल्या एस. सोमनाथ यांनी २०२३ मध्ये त्याचा उलगडा जाहीरपणे केला. पाच इंजिनांनी अपेक्षेहून अधिक जोर दिला. त्यामुळे साठत गेलेली चूक यानाने लगेच सुधारली नाही, कारण त्या टप्प्यात छायाचित्रे घेण्यासाठी त्याला स्थिर राहावयाचे होते. नंतर ती चूक भरून काढण्यासाठी यानाला भरभर वळणे आवश्यक झाले. परंतु वळण्याच्या गतीवर संगणकाच्या आज्ञावलीत मर्यादा घातलेली होती. त्यातच उतरण्याची जागा केवळ ५०० मीटर लांब व तितकीच रुंद ठरविलेली होती. यान तेथे पोहोचण्याचा प्रयत्न करीत वेग वाढवीत राहिले. एकही भाग मोडला नव्हता, एकही तार तुटली नव्हती. सर्व अंगे आपापल्या नियमाप्रमाणे चालली आणि तरीही यान पडले. दोष होता तो नियम ठरविताना धरलेल्या गृहीतांत.

अपयश गृहीत धरून

चांद्रयान-३ ची आखणी म्हणूनच वेगळ्या पद्धतीने झाली. सर्व काही ठीक चालले तर यान कसे उतरेल, असा विचार पूर्वी मध्यवर्ती होता. आता प्रश्न उलटा करण्यात आला: काय काय बिघडू शकेल, आणि ते बिघडले तरी यान कसे उतरेल? संवेदक बंद पडले तर, इंजिन कमी चालले तर, गणित चुकले तर, अशा प्रत्येक शक्यतेसाठी तरतूद केली गेली. पाचऐवजी चार इंजिने ठेवण्यात आली. इंधन वाढविले. उतरण्याची जागा ४ किलोमीटर लांब आणि २.४ किलोमीटर रुंद घेतली. पाय मजबूत केले, जेणेकरून सेकंदाला तीन मीटर वेगाने टेकले तरी ते मोडू नयेत. लेसर किरणांच्या साहाय्याने वेग मोजणारे नवे उपकरण बसविले. सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणारी तावदाने अधिक बाजूंवर लावली. यान वेडेवाकडे उतरले तरी ऊन मिळावे, हा त्यामागील हेतू होता.

चाचण्याही तितक्याच कसून घेण्यात आल्या. हेलिकॉप्टरला संवेदके बांधून ती उतरण्याच्या मार्गावर उंचावरून नेण्यात आली. उंच यारीला यानाची प्रतिकृती टांगून इंजिने पेटविण्यात आली. पायांची परीक्षा घेण्यासाठी चंद्रासारखी माती लागते. ती तमिळनाडूतील नामक्कल जिल्ह्यात मिळणाऱ्या, चंद्रावरील खडकाशी साम्य असलेल्या खडकाचा भुगा करून पूर्वीच तयार करण्यात आली होती. ही सगळी कामे एकट्या बंगळुरूची नव्हती. यानाला वाहून नेणाऱ्या अग्निबाणाची इंजिने बनविण्यात विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याचा, तर त्याच्या प्रचंड बूस्टरचे भाग घडविण्यात इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरच्या कारखान्याचा सहभाग होता. साखरेच्या कारखान्यामुळे वसलेल्या गावातील कामगारांच्या हाताला अग्निबाणाचे काम मिळाले, ही गोष्ट महाराष्ट्रात जितकी ठाऊक असावयास हवी तितकी नाही.

१४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी चांद्रयान-३ निघाले. ५ ऑगस्टला ते चंद्राच्या कक्षेत शिरले. १९ ऑगस्टला त्याच भागात उतरण्यासाठी निघालेले रशियाचे लुना-२५ हे यान चंद्रावर कोसळले. चंद्रावर उतरण्याचा सोव्हिएत काळापासूनचा अनुभव ज्या देशाच्या पाठीशी होता, त्याचे यान पडल्यामुळे बंगळुरूतील ताण किती वाढला असेल याची कल्पना करता येते.

उतरण्यासाठी २३ ऑगस्ट हा दिवस निवडण्यामागे कारण होते. त्या ठिकाणी तेव्हा चंद्रावरची सकाळ होत होती. चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांइतका असतो, आणि विजेसाठी यान सर्वस्वी उन्हावर अवलंबून होते. सायंकाळी पावणेसहाच्या सुमारास उतरण्याचा प्रवास सुरू झाला. साडेअकरा मिनिटे वेग कमी करण्यात गेली. मागच्या वेळी जेथे चूक साठली, तो टप्पा या वेळी सुखरूप पार पडला. सुमारे १५० मीटर उंचीवर यान क्षणभर अधांतरी थांबले, कॅमेऱ्याने खालची जमीन न्याहाळली, दगडधोंडे नसलेली जागा निवडली आणि ६ वाजून ४ मिनिटांनी ते टेकले. प्रकल्पाचे संचालक पी. वीरमुथुवेल आणि सहसंचालक कल्पना कालहस्ती यांच्यासह कक्षातील अनेकांनी २०१९ ची ती पहाटही अनुभवली होती.

दुसऱ्या दिवशी कित्येक वृत्तपत्रांनी यान दक्षिण ध्रुवावर उतरल्याचे लिहिले. ते काटेकोर नव्हे. उतरण्याची जागा सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, ध्रुवापासून सुमारे ६०० किलोमीटर अंतरावर आहे. तथापि इतक्या दक्षिणेला त्यापूर्वी कोणतेही यान अलगद उतरले नव्हते, हे निर्विवाद आहे.

एका चांद्रदिवसाचे काम

विक्रममधून ‘प्रज्ञान’ ही सहा चाकांची, २६ किलो वजनाची गाडी बाहेर पडली आणि सुमारे शंभर मीटर चालली. शंभर मीटर हे अंतर किरकोळ वाटेल. पण गाडी जागोजागी थांबून मातीची परीक्षा करीत होती. बंगळुरूच्याच प्रयोगशाळेत तयार झालेल्या एका उपकरणाने लेसरच्या प्रखर झोताने मातीचा कण जाळून त्याच्या प्रकाशावरून त्यातील मूलद्रव्ये ओळखली आणि तेथे गंधक असल्याचे दाखविले.

दुसरे उपकरण अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे होते. त्याने २३ ठिकाणच्या मातीचे मोजमाप केले. संतोष वडवले आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यावरील लेख ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. चंद्राच्या जन्मकाळी त्याच्यावर वितळलेल्या खडकाचा महासागर होता, असे शास्त्रज्ञ मानीत आले आहेत. त्या रसातील जड खनिजे तळाशी बसली आणि हलकी खनिजे दुधावर साय धरावी तशी वर येऊन गोठली. प्रज्ञानने तपासलेली माती प्रामुख्याने याच सायीची निघाली. अपोलो मोहिमांनी आणलेले नमुने चंद्राच्या मध्य पट्ट्यातील होते. आता दूर दक्षिणेकडेही तोच पुरावा मिळाल्यामुळे या सिद्धांताला बळकटी आली.

विक्रमनेही मातीत सुमारे दहा सेंटिमीटर लांबीची एक तापमापक सळई खुपसली होती. वरची माती चांगलीच तापलेली आणि आठ सेंटिमीटर खालची माती शून्याखाली दहा अंश, असा विलक्षण फरक तिने दाखविला. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आणखी एक बाब पुढे आली. यान सूर्याकडे तोंड असलेल्या हलक्या उतारावर उतरले होते. तेथे तापमान ८२ अंश सेल्सिअसपर्यंत चढले, तर केवळ मीटरभर अंतरावरील सपाट जागेवर ते सुमारे ५९ अंश होते. एवढ्याशा उतारामुळे एवढा फरक पडत असेल, तर सूर्याकडे पाठ असलेल्या अधिक तीव्र उतारांवर, ध्रुवापासून बरेच अलीकडेही, पृष्ठभागाखाली थोड्याच खोलीवर बर्फ टिकून असण्याची शक्यता आहे. पाण्याचा जो शोध चांद्रयान-१ ने सुरू केला, त्याचा धागा या तापमापकाने पुढे नेला.

३ सप्टेंबर रोजी विक्रमची इंजिने पुन्हा पेटविण्यात आली. यान सुमारे ४० सेंटिमीटर वर उचलले गेले आणि तितक्याच अंतरावर पुन्हा टेकले. ही उडी मूळ योजनेत अपेक्षिलेल्या कामाव्यतिरिक्त होती. उतरलेले यान पुन्हा वर उठू शकते, हे तिने सिद्ध केले. त्यानंतर चंद्रावर रात्र झाली. त्या कडाक्याच्या थंडीत टिकण्याची तरतूद यानात नव्हती. पुढच्या सूर्योदयानंतर बंगळुरूहून संपर्काचे प्रयत्न झाले, परंतु उत्तर आले नाही.

चंद्रावरची माती गोळा करून पृथ्वीवर आणण्याची चांद्रयान-४ मोहीम केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केली. विक्रमच्या त्या छोट्या उडीचा अनुभव तेथे उपयोगी पडावयाचा आहे. मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेली चांद्रयान-५ ही मोहीम जपानच्या सहकार्याने आखलेली आहे. तिच्यातील गाडी प्रज्ञानपेक्षा कितीतरी अधिक वजनाची असेल आणि दक्षिण ध्रुवाजवळच्या जमिनीखालील पाण्याचा शोध हे तिचे मुख्य काम राहील.